दादांचा अंगठा

हॅलो? वहिनी?… मी, ऑफिसमधून… हो, चिमणीच. दादांचा डोळा लागलाय का?… सकाळपासून? बरं झालं, इंजेक्शनने जरा तरी आराम पडला. नाही, नाही, उठवू नका. त्यांचा मोबाईल कुठेय?… उशाशीच ना? घ्या जरा हातात.

अहो, तेच ते, कर परत मिळवायचं प्रकरण. आपल्या कंपनीने इंटरनेटच्या बिलांवर राज्याचा कर भरला ना, तो लागतच नव्हता… हो, दादाच त्याच्या मागे होते इतकी वर्षं. गिऱ्हाइकांकडून घेतलेले ते पैसे आपण त्यांना परत देऊन बसलो, आता सरकारकडून यायचेत. कंपनीतर्फे अर्ज दादांच्या नावाने आहे, त्यांच्या फोनशिवाय तो जात नाही. आज पाचला मुदत संपते… नाही हो, मग दमडी मिळत नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलंय, हे गेलं तर आमचा विभाग बंद. सगळे घरी.

ऐका ना, त्यांच्या फोनवर ओटीपी येईल, तेवढा वाचा… आला नाही? रेंज नाही? घ्या. आपल्याच कंपनीचं सिम, बोलणार कोणाला. खिडकीकडे धरा… आला? पण मेसेज दिसत नाही?… लॉक आहे होय. मग दादांचा अंगठा लावा ना. झोपेतच, हळूच…

नाही उघडत?… पुसून लावा.

गार?

किती गार, वहिनी?…

नाही… काही नाही. पंख्याखाली असतील, म्हणून. असं करा, हात दोन्ही हातांत धरा, जरा ऊब द्या… हं… आता लावा. नीट दाबून… उघडला? वाचा… चार… शून्य… हं… हं… नऊ…

झालं. गेला अर्ज.

हो, टाळ्या इथेच वाजतायत… मी? नाही, रडत नाहीये… आत्ता नका सांगू दादांना. नका ना हाक मारू, वहिनी, ऐका माझं…

काय? पंखा बंदच आहे?

शेजारच्या काकूंना बोलवा आधी. मी निघालेच… हो. कळलं होतं मला. तुम्ही गार म्हणालात ना, तेव्हाच कळलं होतं…

वहिनी?

हॅलो?…