दोन तारे आणि काठोकाठ प्याला

मला काय वाटलं होतं? सहा वर्षं परदेशात शिकून मी आमच्या गावी, रिश्तानला परत येणार, मोहल्ल्यात वाचनालय काढणार, वाचलेल्या पुस्तकांची माझी यादी दारावर लावणार, प्रत्येकापुढे पाचांपैकी तारे, आणि लोक पुस्तकांवर तुटून पडणार! पडले हो तुटून... यादीवर! पुस्तकांवरची धूळ तश्शीच! आता मला सांगा, यादीच तर होती!

मोहल्ल्याचे प्रमुख इल्होमजोनसाहेब. वाचनालयाची खोली त्यांचीच मेहेरबानी. त्यांच्या कवितासंग्रहाला मी पेन्सिलीने दोन तारे दिले. त्यातलाही एक निव्वळ भिडेपोटी, कारण एवढा जाडजूड ग्रंथ आणि पान उलटावं तिथे जर्दाळूचं झाड...

दुसऱ्या दिवशी सालोमतमावशीकडे गेले, तर माझा चहाचा प्याला काठोकाठ! नानवाल्याकडे गेले, तिथेही काठोकाठ! मी खूष, काय हे आदरातिथ्य! घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने किटली आदळलीच!

"काठोकाठ? अगं मुखय्यो, तिकडे परदेशात मोठाले मग भरभरून चहा पिऊन अक्कल गेली का तुझी? मानाच्या पाहुण्याला घोटभर ओततात, म्हणजे तो पुन्हा मागेल, बसेल. काठोकाठ म्हणजे पी आणि नीघ!"

म्हणजे सगळी गल्ली मला नीघ म्हणत होती, आणि तेही हसत हसत! अहो पण, यादीच तर होती!

संध्याकाळी साहेब स्वतः घरी आले. ओरडले असते तर परवडलं असतं, पण तेही हसतच होते! "छान वाचते हो पोरगी. वाचनालयाचं कुलूप मात्र जुनं झालंय, नाही? उद्या बदलून टाकतो. किल्ली माझ्याकडेच राहील."

आईने घोटभर चहा ओतला आणि तोंडाला येईल ते बोलून गेली, "साहेब, हिचे तारे म्हणजे आपला चहाच. जितके कमी, तितका मान मोठा!"

साहेबांनी प्याल्यातला घोटभर चहा पाहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "अस्सं? मग यादीत त्या शाळेच्या मुख्याध्यापकाच्या आत्मचरित्राला एकच तारा कसा? तो माझ्याहून मोठा?" आणि उठले. "सकाळी कुलूपवाल्याला घेऊन येतो. तेव्हा बघू."

सकाळी मी त्यांच्या आधी वाचनालय गाठलं. यादीसमोर उभी राहिले, तत्त्वं आठवली, प्रामाणिकपणा आठवला, मग ठरवलं, रबर काढलं आणि साहेबांचे दोन्ही तारे पुसून टाकले. शून्य! म्हणजे मान मुख्याध्यापकाहूनही मोठा! आणि तुम्हाला सांगते, इतकं खरं मत मी आयुष्यात दिलं नव्हतं!

आणि माझी लाडकी, पाच-पाच ताऱ्यांची पुस्तकं? आईच्या हिशेबाने काठोकाठ भरलेली बिचारी... त्यांना आता या गावात कोण हात लावणार?

जाऊ द्या. यादीच तर होती...