ड्रॅगनच्या गुहेशेजारची जमीन

आमचा मित्र गिरीश पैशामागे वेडा; त्याला सुधारायला मी एकदा आख्खी गोष्ट रचली होती, खोटं नाही सांगत. रविवारी के. आर. पुरमला आम्ही चौघं फाशांचा खेळ खेळतो. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि कल्पनेतल्या राज्यात हिंडायचं. त्या दिवशी गोष्ट मी चालवत होतो. गिरीशला म्हटलं, "तू पैशाचा लोभी व्यापारी हो." बेत असा, की ड्रॅगन गाव जाळेल आणि लाजेने हा आपली थैली गावाला वाटून टाकेल.

मला कुठला धीर! पहिल्याच डावात गाव पेटवलं. बाकीच्यांनी तलवारी उपसल्या.

गिरीश म्हणाला, "स्वल्प थांब रे. ड्रॅगनच्या गुहेभोवतीची जमीन कोणाची?"

"गावकऱ्यांची. का?"

"मी घेतली. ड्रॅगन मेला की तिथून रस्ता जाणार. देवनहळ्ळीला विमानतळाआधी मामाने जमीन घेतली नाही, आई अजून त्याला बोलते."

मी ओरडलो, "अरे, लोकांची घरं जळतायत!"

"हो ना," तो शांतपणे म्हणाला, "म्हणून तर एवढ्या स्वस्तात मिळाली."