मंगळवारची तारीख

नाय वो, आजारी नाय ती. सून माझी, विनिता — आतमधी नेलीय, गर्भपिशवीतला कनभर तुकडा काढून तपासायला धाडायचाय. तुमच्या लेकीची सोनोग्राफीच ना? मग बसा निवांत. आमचं तसं नाय. बाहेर काचंत वाढवलेला गर्भ दोनदा पिशवीत सोडला, दोनदा गेला. डॉक्टरीन बाई बोलली, ठमाबाई, गर्भात खोट नाय, पिशवीच त्याला परका समजून टिकू देत नसंल. आतमधी म्हनं राखनदार असतात — ते खवळलेत का झोपलेत, ते या तपासनीत दिसतं, मग तसं औषध, आन मग गर्भ सोडायचा. एकच गर्भ उरलाय आता, हितं बर्फात ठेवलेला. शेवटचा. विनिता चाळिशीला आली, पुन्यांदा सगळं करायचं तिच्यात बळ नाय, आन माझ्यात बी नाय.

पन ही तपासनी दिवस मोजून करतात बघा. पाळी आल्यापासनं एकविसावा दिवस, तोच पायजे. दिवस चुकला तर उत्तर चुकतं, उत्तर चुकलं तर औषध उलटं पडतं — चारदा बजावलंय बाईनं. तारीख परेशनं लिवली, माझ्या लेकानं. त्याला कसं कळलं म्हंजे? आमच्यात अजून बाहेर बसतात ना. बायको पडवीत बसली की त्यानं कॅलेंडरवर गोल केला. मंगळवार.

बरोबर हाय वो तारीख. बरोबरच हाय. तुमी कशाला विचारता?

तुमी वळखीच्या नाय म्हनून बोलते. आमचं गाव इमानतळात गेलं, उलव्याच्या अंगाला. जुन्या देवळातनं देवीची शेवटची पालखी निघाली, त्याला तीन आठवडं झाले — शनवारी. ओटीच्या ताटाचा मान आमच्या घराचा, सून ताट घेऊन पुढं चालते. आन मला दुसरी सून हाय कुठं? ताट हातात घेतलं आन माझ्या कानाशी आली — आई, मला आलीय. काय करनार होते मी? सगळं गाव उभं, ढोल वाजतायत. बोलले, चल तशीच, कुनाला बोलू नको. चालली बिचारी, अनवानी. देवीपुढं डोकं टेकून लय वेळ रडली. आन मी पोटुशी नाय का झाले कधी, तिचं दुख मला काय कळत नाय? कळतं. तरी कुनाला संशय नको म्हनून दोन दिवस घरात कामाला लावली, आन मंगळवारी पडवीत बसवली.

मोजा तुमीच. रिक्षात बसून मी बोटावर मोजलं — आज एकविसावा नाय, चोविसावा. विनिताला ठाव हाय. आत जाताना थांबली, माझ्याकडं बघत. माझी शपथ घातलीय तिला, ती नाय बोलनार. आन मी काय केलं, तर पदर सारखा केला.

सांगू? सांगायला नको वाटतं काय मला? गाव काय बोलंल — ठमाबाईच्या सुनेनं शेवटची पालखी बाटवली, म्हनून गाव उठलं. परेश काय बोलंल, तो तर देवीचा भक्त, त्यानंच पालखीला खांदा दिलेला. पन नाय, तुमी बोलता ते खरं हाय. शेवटचा जीव हाय तो. सिस्टर बाहेर येऊ दे, बाजूला घेते, तिच्या कानात सांगते. तिला कुठं आमचं गाव ठाव. एवढंच तर सांगायचंय, शनवार. शनवार बोलायचं, झालं.

आला परेश, पानी आनायला गेलता. बस बाबा. नाय, काय नाय, या बाईंशी बोलत होते. — कोन? हां सिस्टर, मीच सासू. विनिता रडते? दुखत असंल. तुकडा काढायच्या आधी पुन्यांदा विचारतात, हां... तारीख. कंची तारीख ती? हा परेश उभा हाय ना, त्यानंच लिवलीय. — मंगळवार. मंगळवारच वो, मीच तर बसवली तिला पडवीत. घ्या तुमी तुकडा.

तुमी काय बघता माझ्याकडं? जा, तुमच्या लेकीचा नंबर आलाय.