बादलीसारखा टोप आणि नदीकाठची म्हातारी

...आणि टोप तरी कसला, तुम्हाला सांगतो, डोक्यावर पालथी बादली घातलेली बरी! दोन शिंगं, मधे एक भोक, त्या भोकातून माणसाला दिसत काय असेल देव जाणे, आणि मी कोण, तर चष्मेवाला, सत्तावीस वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून काउंटरमागे उभा असलेला माणूस, आणि त्या मी, एका लोखंडी बादलीपायी, एका म्हातारीला... सांगतो, सगळं सांगतो, पण एक आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुम्हाला विचारावं लागणार नाही. बटण कुणी दाबलं? मीच दाबलं.

नाही नाही, असे मागे सरकू नका, म्हातारी गेममधली! टीव्हीवरची! आमची ही खेळते तो गेम. हसताय? मीही हसायचो. बायको पन्नाशीची, हॉस्पिटलात सिस्टर, सकाळपाळी करून चारला घरी येते, बूट काढते, पाय टीपॉयवर टाकते आणि तासभर राक्षस मारते. कुणी विणकाम करतं, कुणी शेजारणीची उणीदुणी काढतं, ही राक्षस मारते. राजे, जादू, तलवारी, सगळा मामला. आपण एक योद्धा घ्यायचा, गावोगाव हिंडायचं, आणि पावलोपावली पडदा विचारतो, बोल, आता काय करशील? चांगलं वागशील की वाईट? आमची ही दोन वर्षं खेळतेय आणि दोन वर्षांत एकदाही वाईट वागलेली नाही. कुणाची शेळी हरवली, शोधून दे. कुणाचं पोर विहिरीत पडलं, उतर खाली. मी म्हणायचो, अगं, दिवसभर वॉर्डात हेच करतेस ना, मग इथे तरी कुणाच्या तरी कानाखाली वाजव! तर म्हणायची, "तुम्ही पेपर वाचा."

आता ती म्हातारी. नदीकाठी एक झोपडी, दारात ती बसलेली, खांद्यावर निळी शाल. तिच्याकडे ना काम, ना बक्षीस, काही नाही. आपण गेलो की एवढंच म्हणते, "आलीस? बस जरा. घाई काय आहे." आणि आमची ही रोज, अगदी रोज, राक्षस मारून झाले की त्या झोपडीपाशी जाऊन आपल्या योद्धीला नुसतं बसवून ठेवायची. पाच मिनिटं. नदी वाहतेय, म्हातारी बसलीय, ही बसलीय. मी एकदा विचारलं, इथे काय मिळतं? तर म्हणाली, "पाय दुखतात माझे." मी म्हटलं, बरं. पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही? कारण हिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा ही ड्यूटीवर होती, दुसऱ्यांच्या आयांची सलाइनं बदलत होती, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि सासूबाई जिवंत असताना, फोन उचलला की त्यांचं पहिलं वाक्य, "बोल निवांत, घाई काय आहे." मला हे दिसायला नको होतं? लोकांचे नंबर काढतो मी! म्हणजे हिशेब असा, की सासूबाई एकदा गेल्या त्या आजारपणाने, आणि दुसऱ्यांदा गेल्या त्या माझ्या हातून.

कसं झालं? तर त्या गेमची पुरवणी आली. ते लोक एक्स्पान्शन म्हणतात, मी पुरवणी म्हणतो, जुन्या गेमला जोडलेला नवा तुकडा, नवा प्रदेश, नवी माणसं. ही दोन वर्षं तिची वाट बघत होती, आणि नेमकी ती आली त्याच आठवड्यात हॉस्पिटलने हिला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी धाडलं. जाताना बॅग उचलून दारात उभी राहून मला म्हणाली, "फक्त डाउनलोड लावून ठेवा. हात लावू नका." मी म्हटलं, मी कशाला हात लावतोय? मला काय करायचाय हात लावून?

पहिले दोन दिवस नाही लावला, शप्पथ. तिसऱ्या दिवशी दुकानात ते मास्तर आले, रिटायर्ड, तोच चष्मा चौथ्यांदा परत घेऊन. "थोडं तिरकं दिसतंय." अहो मान तिरकी आहे तुमची! असं म्हणालो का? नाही. "ठेवून जा सर, गुरुवारी देतो." सत्तावीस वर्षं मी हेच म्हणतोय. आणि तिथेच आमचा तो कॉलेजातला गिऱ्हाईक उभा, काचा बाटलीच्या बुडासारख्या, त्याच्यापाशी मी सहज गेमचा विषय काढला, तर म्हणतो कसा, "काका, चांगलं खेळून काय मजा? दुष्ट होऊन बघा ना एकदा. कायच्या काय भारी." मी घरी आलो. घरात कुणी नाही. मनात अजून मास्तरांची मान. टीव्ही लावला.

आता तुम्ही म्हणाल, स्वतःचा नवा गडी काढून खेळायचं होतं. काढला! पण पुरवणीत नवशिक्याला आत घेतच नाहीत, आधी शंभर तास खेळलेला योद्धा लागतो. शंभर तास खेळलेली घरात एकच. मग म्हटलं, हिचीच घेऊ, जरा फिरवू, आणि सेव्ह न करता बंद करू, कुणाला पत्ता लागणार नाही. इथेच माती खाल्ली. हिने गेम सुरू करताना मुद्दाम कडक नियम निवडलेला होता, एकच सेव्ह, ती आपोआप होते, मागे फिरणं नाही. जे केलंत ते केलंत. का, तर म्हणे, "वॉर्डात कुठे मागे फिरता येतं?" हे ती मला बोललीही होती. मी तेव्हा पेपर वाचत होतो.

तर पुरवणीत शिरलो. सुरुवातीलाच एक काळा सरदार, आवाज असा, जसा रिकाम्या पाण्याच्या टाकीत बोलतोय: "तूऽ... खरंच दुष्ट आहेस काऽ? सिद्ध कर. नदीकाठच्या म्हातारीची शाऽल घेऊन ये. हा टोप तुझाऽ." आणि खाली तीन पर्याय. एक, नकार दे. दोन, म्हातारी मेली असं खोटं सांग. तीन, मारून आण. आता मला सांगा, दोन नंबर कुणासाठी लिहिला होता? माझ्यासाठी! "गुरुवारी देतो" म्हणणाऱ्या माणसासाठी! आयुष्यभराचा सराव माझा, कुणाच्या बापाला ओळखू आलं नसतं, आणि ज्या दिवशी खोटं बोलायची खरी गरज होती, त्या दिवशी मला प्रामाणिकपणे दुष्ट व्हायचं होतं. बटण कुणी दाबलं? मीच दाबलं.

गेलो नदीवर. म्हातारी उठली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "आलीस? बस जरा." हिला म्हणतेय हो, हिची योद्धी ना ती! आत मीच आहे, हे तिला काय माहीत... आणि मी एक घाव घातला. मला वाटलं, काही तरी होईल, आभाळ काळं होईल, वाद्यं वाजतील. काही नाही! म्हातारी आडवी झाली, पाय दाराच्या लाकडात रुतून बसला, असा फुगडी घातल्यासारखा थरथरत राहिला, कारण गेम करणाऱ्यांनी ते नीट केलेलंच नव्हतं, आणि पडद्यावर अक्षरं आली, "शाल मिळाली." बस्. मी रिमोट खाली ठेवला आणि उठून हात धुतले. का धुतले विचारू नका.

बरं, एवढं करून पदरात काय पडलं? आता ऐका या पुरवणीचा दर्जा. सरदाराकडे गेलो, शाल दाखवली, तर म्हणतो, "छाऽन. आता जा." कुठे जा? "छाऽन. आता जा." तीनदा विचारलं, तीनदा तेच! अख्ख्या दुष्टपणासाठी त्या माणसाला दोन वाक्यं लिहून दिलेली. आणि, हे नंतर त्या कॉलेजवाल्याकडून कळलं, नव्या प्रदेशात जायचा रस्ता कुणाला ठाऊक? त्या म्हातारीला! नवी कामं कोण सांगणार होतं? म्हातारी! दोन वर्षं हिला बसवून ठेवलं तिथे, आणि पुरवणीत तीच उठून पुढे चालणार होती, गाणार होती, तरुणपणी ती कोण होती ते सांगणार होती, वीस तासांचा ऐवज, आणि तो मी पहिल्या चाळीस मिनिटांत झोपवला. गावात गेलो तर दारं धडाधड बंद. दुकानदार पळाला. कुत्रंसुद्धा पळालं! चांगल्या माणसाला वीस तास काम आणि वाईट माणसाला मोकळे रस्ते आणि बादली.

आणि या लोकांना वाईटपणा कळतच नाही, तुम्हाला सांगतो! एक तर अनाथाश्रमाला देणगी द्या, नाही तर अनाथाश्रम जाळा. मधलं काही आहे का? असतो का माणूस असा? ऐकू न आल्यासारखं करणं, बायकोने जे करू नका म्हटलं तेच ती नसताना करणं, हे पर्याय कुठायत? मला ते दिले असते तर मी पहिल्या फटक्यात जिंकलो असतो! पण हे सगळं बोलून काय फायदा. बटण कुणी दाबलं?

पुढचे चार दिवस मी काय काय केलं म्हणून सांगू! दुकान लवकर बंद करून शेळ्या शोधल्या. शेळी सापडली की आपला चांगुलपणा तीळभर वाढतो, अशा मी साठेक शेळ्या मालकांना नेऊन दिल्या, मालक शेळी घेऊन पळून जायचे. म्हातारी काही उठली नाही. शाल तेवढी नेऊन झोपडीच्या दारात ठेवली. गेम करणाऱ्यांना पत्र लिहिलं, माझ्या हातून असं असं झालं, काही करता येईल का? उत्तर आलं, "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत." म्हणजे गुरुवारी देतो!

ही आली. ठरवलं होतं, दारातच सांगायचं. बॅग घेतली, पाणी दिलं, चहा टाकला, सांगितलं नाही. हिने पाय टीपॉयवर टाकले, टीव्ही लावला. मला वाटलं, पुरवणीत जाईल, नव्या प्रदेशात. कुठली! सरळ नदीवर. झोपडीभोवती एक चक्कर, दुसरी चक्कर. मग म्हणाली, "शाल इथे कशी?"

आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? सांगायची लाज वाटते. म्हणालो, "पुरवणीत त्यांनी काही तरी बदललं असेल." म्हातारीला मारलं त्याची लाज एक, ही दुसरी. मारलं तेव्हा निदान समोर चित्र होतं. हे मी तोंडावर बोललो, हिच्या.

गेममध्ये एक डायरी असते, झालेलं सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. तिने ती उघडली आणि वाचली, मोठ्याने, एकसुरी, जसा पेशंटचा चार्ट वाचतात तशी. "तू नदीकाठच्या म्हातारीला मारलंस. बक्षीस, टोप." तू! तिच्याच नावावर लिहिलेलं! मग माझ्याकडे बघितलं.

"टोपासाठी?"

"हो."

"घालून बघितला?"

"बघितला."

"कसा आहे?"

"...बादलीसारखा."

चिडली असती तर बरं झालं असतं हो, दोन भांडी आपटली असती तरी चाललं असतं. ती नुसती म्हणाली, "आईच्या वेळी पोचले नाही. इथे तरी रोज वेळेवर जात होते." आणि चहाचा कप उचलून आत गेली. मी त्या टीव्हीसमोर उभा, डोक्यावरचा पंखा फिरतोय, आणि मला खरंच कळेना, माणसाने तोंड लपवावं तर नेमकं कुठे?

दुसऱ्या दिवशी शिक्षा सुनावली. गेम पहिल्यापासून सुरू, तोच कडक नियम, गडी माझा, रिमोट माझ्या हातात, ही मागे सोफ्यावर. म्हातारीच्या झोपडीपर्यंत पोचवायचं आणि मग तिच्या हवाली करायचं. तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं! अहो, चार महिने लागले! रोज दुकान बंद करून आल्यावर एक तास. विहिरीत उतरलोय, पोरं काढलीत, म्हाताऱ्यांची लाकडं फोडलीत. मागून आवाज, "पुढे वाचा." वाचतो. "सगळं वाचा." सगळं वाचतो. चार महिन्यांत एक वाईट शब्द तोंडातून काढलेला नाही मी, गेममधल्या आठ पायांच्या कोळ्यांशीसुद्धा अदबीने बोललो!

आणि काल पोचलो. नदी, झोपडी, निळी शाल. तुम्हाला सांगतो, माझी नजर वर होईना. टीव्हीतली म्हातारी, पण होईना! ती मला ओळखत नाही, तिच्या लेखी मी परका, परक्या माणसाला ती पहिल्या भेटीत एक प्रश्न विचारते, तो तिने विचारला, "काय रे, तू भला माणूस आहेस का?" खाली पर्याय दोनच. एक, "होय." दोन, "नाही."

मी हिला विचारलं, नाही म्हटलं तर काय होतं गं? म्हणाली, "दार लावून घेते. पुन्हा उघडत नाही." म्हटलं, म्हणजे होयच दाबायचं ना? तर ही स्वेटरची बाही ओढत, माझ्याकडे न बघता म्हणते, "खरं असेल ते दाबा."

आता बोला! नाही म्हणावं तर चार महिने पाण्यात, आणि ही आईला तिसऱ्यांदा मुकणार, तेही माझ्यामुळेच. होय म्हणावं तर मागे ही बसलेली. मी म्हटलं, उद्या दाबतो. गेम तसाच थांबवून ठेवलाय, म्हातारी दारात वाट बघतेय, ही सोफ्यावर वाट बघतेय, आणि मी दुकानाचं शटर ओढून तासभर झाला तरी कुलूप हातात धरून तुमच्यापुढे बडबडत उभा आहे... तुम्हाला काही काम नाही ना आत्ता?