नभाजीचा पाय

बसा मंडळी, बसा. हा माइक कुणीतरी जरा खाली करा. मी शेवंता, दिनूची थोरली बहीण. मला पाटसला दिलेली, त्यामुळं इथल्या नव्या सुनांना मी ठाऊक न्हाई. तुमचे ते आप्पा मास्तर, चित्रकलेचे. माझा तो दिनूच. मला बोलणं जड जातंय. रडू येतंय म्हणून न्हाई. राग आलाय म्हणून.

आत्तापतूर ह्या शोकसभेत जे उठले ते म्हणाले, आप्पा देवमाणूस. आप्पांनी गावाचं नाव टीव्हीवर नेलं. व्हय, नेलं. कसं नेलं ते मी सांगते.

दिनूचा उजवा पाय पोलिओनं लहानपणीच वाळला. मांडीवर हात रेटून पाय पुढं टाकायचा. मास्तर झाला आन् पोरांसाठी चित्रांची गोष्ट काढाया लागला. नभाजीची. दर दिवाळीला शिरूरच्या छापखान्यातनं छापून आणायचा, तुम्ही शाळेत असताना वाचलीय ती. नभाजी जमिनीवर लंगडा. यान सुटलं की ह्या ग्रहावरनं त्या ग्रहावर झेपा घ्यायचा. मी एकदा इचारलं, दिनू, लंगडा कशाला केलास त्याला? तर म्हणाला, "आक्का, वर वजनच नसतं. वर कुणीच लंगडं नसतं."

त्या गोष्टीत एवढंच होतं. बाकी राक्षस आन् यानं ही वरची सजावट.

मग मुंबईचे मालिकावाले आले. त्यांना नभाजी पाहिजे होता, त्याचा पाय नको होता. लंगडा हिरो बघतंय कोण, म्हणाले. दिनू म्हणाला, मग राहू द्या. नीट ऐका मंडळी. तो न्हाई म्हणाला होता.

तवा तुम्ही काय केलं? मारुतीपुढं मांडव घातला. फ्लेक्स लावला, त्यात दिनूपेक्षा आपल्या सरपंच नानासाहेबांचा फोटो मोठा. सत्कार ठेवला. शाल पांघरली, नारळ हातात दिला, टाळ्या वाजवल्या, आन् मग माइकवर सांगितलं, आप्पांनी नभाजी कंपनीला दिला. आपल्यात नारळ हातात घेतला की शब्द दिला. सोयरीक असू दे न्हाईतर सौदा, माणूस मागं फिरत न्हाई. हे ठाऊक होतं म्हणून तर आधी नारळ दिला तुम्ही. मी फोनवर म्हणाले, फेकून दे तो नारळ त्यांच्या अंगावर. "घेतलाय गं आक्का," म्हणाला. भित्रा मेला. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. मी बोलते.

तुम्हाला एवढी घाई कशाची होती? शूटिंग आपल्या माळावर व्हायचं होतं ना! माळाचा चंद्र झाला. तुम्ही तोंडाला हिरवा रंग फासून परग्रहावरचे झालात. नानासाहेब तर परग्रहाचे राजे, मिशी काढाया तयार हुईनात.

त्यातच एक नट दिनूकडं राहाया आला, त्याची चाल शिकाया. दिनूनं अंगणात चालून दाखवलं. हात कुठं रेटायचा, खांदा कसा पडतो, चप्पल कशी घासती. नुसता हरखला होता. मला फोन केला, "आक्का, पाय ठेवला गं त्यांनी नभाजीचा." मी पाटसला आळीभर पेढे वाटले.

पहिला भाग लागला तवा देवळापुढं पडदा बांधलेला. दिनू पहिल्या खुर्चीत, गळ्यात हार. मी शेजारी. नभाजी आला, उंचापुरा, दोन्ही पायांवर पळत आला. दिनू खुर्चीत पुढं सरकला. त्याला वाटलं असंल, पाय पुढं येईल. मग राक्षस आला. लंगासुर नाव. मांडीवर हात रेटत, खांदा पाडत, चप्पल घाशीत. आमच्या दिनूची चाल, जशीच्या तशी.

आन् तुम्ही हसला. मागनं कुणीतरी ओरडलं, "आप्पा, तुम्हीच की हो!" सगळी गर्दी हसली. दिनूपण हसला. गळ्यात हार घातलेला माणूस दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी डेअरीवर दिनूला हाक, लंगासुर. एस्टीच्या थांब्यावर लंगासुर. तुम्ही गमतीनं म्हणत होता, व्हय ना? मास्तर म्हणून ज्याच्या पाया पडला, त्याला तुम्ही गमतीनं राक्षस म्हणत होता. त्यानं आधी बाहेर पडणं सोडलं, मग चित्रं सोडली, मग जेवण. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असंल. डॉक्टर काय गावात राहात न्हाईत.

आता नानासाहेब म्हणतील, दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू. थांबा नानासाहेब, आज मी सांगते तसं करायचं. म्हातारी आन् आजारी माणसं बसून राहू द्या. बाकीच्यांनी उठा. उठलात? आता उजवा पाय उचला. व्हय, उचला. शेजारच्याचा खांदा धरायचा न्हाई, दिनूला कुणी धरू दिला नव्हता. ज्याचा पाय खाली टेकंल त्याला मी काय बोलणार न्हाई. त्यानं तुम्ही ठेवलेलं ते नाव घेऊन स्वतःलाच एक हाक मारायची. मनात मारा, मोठ्यानं नको.

चला, आता कुणी बोलू नका. मी सांगेपतूर पाय टेकायचा न्हाई.