फोनच्या बाहेर काय जात न्हाय

माझ्या ॲपचं कौतुक जरा थांबवा, आधी हे ऐका. घरखर्च लिहायचं ॲप मी केलं, त्यात माझी घमेंड एकच. लिहिलेलं सगळं फोनमध्येच राहतंय, कुठल्या कंपनीकडं जात न्हाय. पहिल्यांदा दिलं ते वडगावच्या आमच्या आक्काला. ती मागावर साड्या विणती आणि त्यातनं लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी गुपचूप पैसे साठवत होती.

"कोण बघणार न्हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"सरकारला पण दिसायचं न्हाय," मी छाती फुगवून बोललो आणि ॲपला चार आकड्यांचं कुलूप घालून दिलं.

आता त्यांच्या घरात फोन एकच. साडीच्या डिझाइनचे फोटो त्यावरच येत्यात, म्हणून तो दिवसभर ह्याच्या-त्याच्या हातात. फोनला कुलूप न्हाय, फक्त माझ्या ॲपला. आठवड्यात दाजींच्या नजरेत आलं.

"सगळा फोन उघडा आणि ह्या एकालाच कुलूप कशाला गं? काय लपवतीस?" त्यांनी सासूसमोरच विचारलं.

आक्कानं कुलपाचे आकडे सांगितले. किती साठलंय, कुणाकडं ठेवलंय, सगळं आत लिहिलेलं होतं.

पुढच्या महिन्यात गेलतो, तर दारात दाजींची सेकंडहँड मोटारसायकल, हार घातलेली. पोरगी आत मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसलेली.

मी म्हटलं, "आक्का, खरं सांगतो, माहिती फोनच्या बाहेर गेलीच न्हाय."

मागावरची नजर न काढता ती बोलली, "बाहेरच्यांची भीती मला कवा होती रं?"