शाब्बास, अगदी बरोबर, पुढे चला!

...नाही, पण मला एक सांगा, त्या कॉम्प्युटरला काय गरज होती मला शाब्बास म्हणायची? कोणी विचारलं होतं? माणसाला माणसानं शाब्बास म्हणावं, निदान तोंडाकडे बघून तरी म्हणावं! ही आतली बाई दिसत नाही, नुसता आवाज, तोही असा गोड की पाकात बुडवून काढलेला... बटण बरोबर दाबलं की लगेच, 'शाब्बास! अगदी बरोबर. पुढे चला!' आणि चुकलं की त्याच गोड आवाजात, 'पुन्हा प्रयत्न करा.' अहो, रागवा तरी! बायको नाही का रागवत? कळतं माणसाला कुठं चुकलं ते. तुम्हाला सांगतो, माझी जी काही शोभा झाली ना, ती सगळी त्या शाब्बासपायी झाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा घोडा झालेला माणूस कॉम्प्युटरपुढे बसला कशाला? सांगतो. लपवण्यासारखं आता राहिलंय काय! मला वाचता येत नव्हतं. हसा, हसून घ्या. एकोणतीस वर्षं एका कार्यालयात शिपाई, कागदांच्या ढिगात जन्म गेला आणि अक्षरओळख शून्य! आकडे यायचे हो. बसचा नंबर कळायचा, खोलीचा नंबर कळायचा, सहीसुद्धा चित्र काढल्यासारखी काढायचो. पण अक्षरं म्हणजे ओळीनं चाललेल्या मुंग्या! कुठून आल्या, कुठं चालल्या, काही पत्ता नाही.

मग फायली कशा पोचवल्या? अहो, डागांवर! चहाचा गोल डाग म्हणजे पाणीपुरवठ्याची, कोपरा कुरतडलेला म्हणजे रजेची, नाडी तुटलेली म्हणजे कोर्टाची आणि जिला लोणच्याचा वास ती हेडक्लार्कांची स्वतःची, कारण ते तिच्यावर डबा खायचे. डोकं असं तल्लख की एकदा डाग बघितला की विसरणार नाही. आणि कोणी समोर कागद धरलाच, 'जरा वाचा हो,' तर माझं ठरलेलं, 'अरेच्चा, चष्मा विसरलो!' डोळे ठणठणीत! पण विसरायला आधी चष्मा असावा लागतो ना? म्हणून साध्या काचांचा एक मुद्दाम घेतला आणि तो इमानेइतबारे विसरत आलो.

घरी तर त्याहून मोठं नाटक. लग्न ठरताना तिच्याकडून एकच अट आली, मुलगा लिहितावाचता हवा. आमच्या काकांनी छाती ठोकून सांगितलं, 'पोरगा पेपर वाचल्याशिवाय चहाला तोंड लावत नाही!' झालं! काका जेवून निघून गेले आणि मी सत्तावीस वर्षं रोज सकाळी अर्धा तास पेपर तोंडापुढे धरून बसलो. आतून ती विचारणार, 'काय म्हणतोय हो पेपर?' मी म्हणणार, 'काय म्हणणार? महागाई!' महागाई कधी चुकते का? कधी 'पुढाऱ्यांना लाज राहिली नाही,' कधी 'जग कुठं चाललंय!' सत्तावीस वर्षांत एक बातमी खोटी ठरली नाही माझी! पण आत एकच भीती... हिला कळलं तर? अट घालून आलेली बाई ती, काय वाटेल तिला? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मी ती अशी आवळली होती की बोटं दुखायला लागली होती.

आणि मग आल्या नव्या मॅडम. आल्या, नाकाला रुमाल लावला, म्हणाल्या, 'ही काय फायलींची दशा?' आठ दिवसांत सगळ्यांना कोरी निळी कव्हरं! एकीला डाग नाही, एकीला वास नाही! एकोणतीस वर्षांची ओळख, आणि एका आठवड्यात सगळ्या परक्या झाल्या हो मला.

नेमकी दोन पाकिटं हातात आली. नावं वर लिहिलेली. मॅडम म्हणाल्या, 'एक हेडक्लार्कांना, निवृत्तीचं. एक भंगारवाल्याला, मोडक्या खुर्च्यांचं.' मी विचार केला, जाड पाकीट हेडक्लार्कांचं असणार, माणसानं एवढी वर्षं काढलीत. दिलं नेऊन! त्यांनी सगळ्यांदेखत फोडलं आणि मोठ्यांदा वाचलं, 'पाठ मोडलेली असून पाय डुगडुगतात. दुरुस्तीत अर्थ नाही. आहे त्या स्थितीत उचलून न्यावे.' हेडक्लार्क मटकन खाली बसले! आणि तिकडून भंगारवाला डोळे पुसत आला, 'मॅडम, चौतीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल माझे आभार मानणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं!'

मॅडमनी आत बोलावलं. 'चष्मा विसरलात?' म्हटलं, 'हो ना मॅडम.' 'तो तुमच्या खिशात दिसतोय.' आता बोला! त्यांनी हात पुढे केला, चष्मा घेतला, स्वतःच्या डोळ्याला लावून बघितला, परत दिला.  नुसतं म्हणाल्या, 'जुन्या रेकॉर्डखोलीत तीन कॉम्प्युटर बसवलेत, मोठ्या माणसांना वाचायला शिकवणारे. उद्यापासून रोज पाच वाजता.'

घरी काय सांगायचं? सांगितलं, 'मी तिथं शिकवायला जातो.' तोंडाला आलं ते बोलून गेलो हो! ती म्हणाली, 'बरं झालं, विद्या दिल्यानं वाढते.' आणि डब्यात रोज दोन लाडू जास्त घालायला लागली, मास्तरांसाठी. ते लाडू घशाखाली उतरताना काय वाटायचं, माझं मला ठाऊक.

तर ती रेकॉर्डखोली. कानाला लावायचं यंत्र पहिल्याच दिवशी बिघडलेलं, त्यामुळे आतल्या बाईचा आवाज थेट जिन्यापर्यंत. म्हणजे मी चुकलो की हेडक्लार्क चपला घालताघालता ओरडायचे, 'काय हो, पुन्हा प्रयत्न का?' निवृत्ती अजून दोन-तीन महिन्यांवर होती, पण ती जखम भरली नव्हती त्यांची.

आणि कॉम्प्युटरचं शिकवणं कसं? वर चित्र, खाली चौकोनात चार शब्द, बरोबर तो दाबायचा. घड्याळाचं चित्र आलं. एक दाबला, 'पुन्हा प्रयत्न करा.' दुसरा दाबला, 'पुन्हा प्रयत्न करा.' तिसरा दाबला, 'शाब्बास! अगदी बरोबर. पुढे चला!' माझ्या डोक्यात पक्कं झालं, घड्याळ म्हणजे खाली डावीकडे. दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ, आणि शब्द त्याच जागी! अहो, मला काय, हर्षच झाला! कात्री वर उजवीकडे, मांजर खाली उजवीकडे, शिडी वर डावीकडे... दोनशे चाळीस चित्रं पाठ केली. मी वाचत कुठं होतो? मी फायली पोचवत होतो! आणि ती येडी बाई आतून आपली, 'शाब्बास! अगदी बरोबर. पुढे चला!' मी चाललो पुढे. तीस धडे पुढे गेलो, अक्षर एक येत नाही!

शेजारच्या कॉम्प्युटरवर आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशी. महिना झाला तरी चौथ्याच धड्यावर. पडद्याला बोट लावून, 'क... प... कप. ब... शी... बशी.' मशीन म्हणालं पुन्हा प्रयत्न करा, की त्या म्हणायच्या, 'करते गं बाई, करते. तुला कुठं गाडी गाठायचीय?' मी हसायचो. 'मावशी, मी तिसाव्या धड्यावर आहे!' त्या दारावरच्या कागदाकडे बोट करून म्हणायच्या, 'मग दादा, हे काय लिहिलंय हो?' मी म्हणायचो, 'चष्मा विसरलो.'

शेवटी व्हायचं तेच झालं. मशीनच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर! मॅडमच्या डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, समारंभ करायचा, पाहुणे बोलवायचे, सगळ्यांच्या घरची माणसं बोलवायची आणि तुम्ही व्यासपीठावर एक पान वाचून दाखवायचं. घरी द्यायला बंद पाकिटातलं पत्र दिलं. ते घरी कोणी नेलं? मीच! शिपाई ना मी! हिनं उघडलं, वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, 'सत्कार आहे म्हणे तुमचा. येते मी.' बस्स, एवढंच.

माझी झोप उडाली. मावशी एव्हाना सावकाश का होईना, वाचायला लागल्या होत्या; ते वाचायचं पान घेऊन गेलो त्यांच्याकडे. म्हटलं, 'मावशी, माझी अब्रू तुमच्या हातात. हे नुसतं वाचून दाखवा, मी पाठ करतो.' त्या हसल्या नाहीत, बरं का. माझ्या जागी त्या असत्या तर मी हसलो असतो. म्हणाल्या, 'फुकट नाही वाचणार. एक ओळ मी, मग तीच ओळ तुम्ही. बोट ठेवून.' बारा दिवस! माझं बोट धरून अक्षराखाली दाबायच्या, 'इथं बघा दादा, तोंडाकडे काय बघताय माझ्या? हा पा, ही णी.' चूक झाली की हातावर चापट. शाब्बास एकदासुद्धा नाही! पण बाराव्या दिवशी पान पाठ. 'आज आपल्या कार्यालयात आनंदाचा दिवस आहे...' घडाघडा!

समारंभाचा दिवस. सभागृह भरलेलं, तिसऱ्या रांगेत ही, मांडीवर पर्स. मावशी खांबाला टेकून उभ्या. मी वर गेलो, खिशातून पान काढतोय तोवर पाहुणे म्हणाले, 'ते नको. पाठ केलेलं काय कोणीही म्हणेल. हा आजचा पेपर घ्या, कुठलीही बातमी वाचा.' आणि पेपर दिला हातात!

पायाखालची जमीन सरकली हो! पेपर तोंडापुढे धरला, सवयच ती. समोर मुंग्या. आणि घाबरलेला माणूस काय करतो? जे येतं ते करतो. मी सुरू केलं, 'आज आपल्या कार्यालयात आनंदाचा दिवस आहे...' पाहुण्यांनी मान वाकडी करून पेपरात बघितलं. 'कुठं आहे हो ही बातमी? ही तर चपलांची जाहिरात आहे.'

 मी एका हातानं खिसे चाचपले. मी म्हटलं, 'च... चष्मा विसरलो.'

तिसऱ्या रांगेतून ही उठली. पर्स उघडली, पायऱ्या चढून वर आली आणि चष्मा माझ्या हातात ठेवला. 'मी आणलाय.' आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, 'सावकाश वाचा. कोणाला घाई नाही.'

त्या क्षणी कळलं मला... हिला ठाऊक आहे. मूठ केव्हाचीच उघडी आहे, मीच आपला आवळून बसलोय! लाज वाटली, खोटं कशाला सांगू, रडू आलं. बिननंबरी काचांतून सगळं धूसर. मग मावशींकडे बघितलं, त्यांनी नुसतं बोट वर केलं. मी बोट ठेवलं. सगळ्यांत मोठी अक्षरं होती त्यांच्याखाली. 'उ... उ... द्या. उद्या.' घाम फुटला. 'पा... णी. पाणी.' सभागृह श्वास रोखून. 'ना... ही. नाही!' आणि मग सगळं एकदम, छाती फुगवून, 'उद्या पाणी नाही!'

मला वाटलं आता टाळ्या. टाळ्या कसल्या! मागून कोणीतरी ओरडलं, 'काय? उद्या पाणी नाही?' दुसरी म्हणाली, 'अगं बाई, पिंप रिकामं आहे!' आणि जो तो उठून पळाला! पाहुणे पळाले, हेडक्लार्क पळाले, मॅडम फोनवर, 'सगळ्या बादल्या लावा!' आयुष्यातलं पहिलं वाचन माझं, आणि दोन मिनिटांत सभागृह रिकामं! मावशी तेवढ्या थांबल्या. म्हणाल्या, 'दादा, सोमवारपासून पहिला धडा. माझ्या शेजारी.'

घरी आम्हीपण बादल्या भरत बसलो. मी नळाखाली, ती पातेली आणतेय. म्हटलं, 'तुला कधी कळलं?' म्हणाली, 'लग्नाच्या आठव्या दिवशी. वाचणाऱ्याचे डोळे हलतात हो. तुमचे एका जागी.' म्हटलं, 'मग बोलली का नाहीस? तुझी तर अट होती!' 'अट माझ्या बाबांची. मला न घोरणारा हवा होता, तोही मिळाला नाही.' मग पातेलं खाली ठेवून म्हणाली, 'तुम्हीच सांगाल एक दिवस, म्हणून थांबले. फार वाट बघायला लावलीत.' मी भरलेली बादली ओढून रिकामी लावली.  सत्तावीस वर्षं मी लपवत होतो, आणि ती मला लपू देत होती.

तरी जरा अवसान आणून म्हटलं, 'पण एवढी पाण्याची बातमी, सकाळी आपल्या पेपरात नाही वाचलीस?' तर म्हणते, 'आपल्या पेपरात कुठून असणार? तो चार वर्षांपूर्वीचा आहे.' काय!! 'पेपरवाला गाव सोडून गेला, तेव्हा शेजारणीची रद्दी आणली, तीच रोज फिरवून ठेवते. तुम्हाला आडोसा हवा होता, त्याला ताजा काय नि शिळा काय? ताजा मी तिच्याकडे जाऊन वाचते, आज समारंभाच्या गडबडीत तेवढा राहिला.' आणि मी ओल्या हातानं पेपर उचलून तारीख बघितली हो, आकडे येतात ना मला... चार वर्षं! चार वर्षं मी शिळ्या जगावर उसासे टाकतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खराखुरा आजचा पेपर. बोट ठेवून एक मथळा वाचला, पाव तास लागला. तर स्वयंपाकघरातून, अगदी तोच पाकातला आवाज काढून, 'शाब्बास! अगदी बरोबर. पुढे चला!' म्हटलं, 'पुढे कुठं?' 'बाजारात. इतकी वर्षं तोंडी सांगून घसा दुखला माझा. आता यादी लिहिलीय, घ्या.' मी ऐटीत चिठ्ठी उघडली. आणि तुम्हाला सांगतो... कॉम्प्युटरची अक्षरं कशी, सुटी, ठसठशीत, मोत्यासारखी. आणि हिचं अक्षर! एकात एक गुंतलेलं, काना कुठला, वेलांटी कुठली, शपथेवर सांगतो, देवालासुद्धा लागलं नसतं. पण एवढी वर्षं जिनं मला सांभाळून घेतलं, तिला तुझं अक्षर घाण आहे म्हणून सांगायची हिंमत आहे कोणाची?

मी खिसे चाचपले आणि म्हटलं, 'अरेच्चा... अगं, चष्मा विसरलो.'